उबेला ठेवलेली तार

मेलाहतच्या हातात तार दिली की ती आधी पिळून बघायची, मग विचारायची कशाची आहे म्हणून. हाताला खोडच लागलेली.

तुर्कस्तानातल्या इझमीतच्या तारेच्या कारखान्यात तिचं काम तेच होतं. ओढून तयार झालेल्या प्रत्येक भेंडोळ्याचं टोक कापून तिच्या टेबलावर यायचं. टेबलावर दोन जबडे, एक घट्ट बसवलेला, एक फिरणारा. टोक दोन्हींत आवळायचं आणि मूठ फिरवत बसायचं. तार स्वतःभोवतीच पीळ घेत जाते, घेत जाते, आणि कधीतरी कट्कन तुटते. ती कशी तुटली त्यात सगळं आलं. काकडी कापावी तशी आडवी, साफ तुटली तर माल खरा. पण ओला बांबू चिरावा तशी उभी फाटली, चीर वळसे घेत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, तर ते भेंडोळं भंगारात. तार ओढणारे उस्ता, म्हणजे मुरलेले कारागीर, चहाचा ग्लास घेऊन टेबलाशी घुटमळायचे, तिला आब्ला, म्हणजे ताई, म्हणत गोड बोलायचे.

"मेलाहत आब्ला, जरा हळू फिरव ना. पोटच्या पोरीसारखी ओढलीय ती."

"मग सासरी टिकेल का ते बघायला नको?" असं म्हणून ती मूठ तशीच फिरवायची.

पलीकडे वजन लावून तार तुटेपर्यंत ओढून बघायचं मोठं मशीन होतं. पाहुणे आले की सगळे त्याच्याभोवती. काटा वर चढतो, धाडकन आवाज होतो, बघायला मजा. तिच्या टेबलाकडे कुणी फिरकायचं नाही. तिला त्याचं काही नव्हतं. बरंच म्हणायची, चहा तरी गरम पिता येतो.

ती मूळची झोंगुलदाककडची, कोझ्लूची. तिथे घरटी एक माणूस कोळशाच्या खाणीत. तिचा बाप खोकत खोकत गेला, आई त्याच्याही आधी. मागे राहिली ही आणि रांगणारा भाऊ. दोघांच्या मधली पोरं जन्मली आणि गेली, म्हणून आईनं याचं नाव दुर्सून ठेवलं होतं. म्हणजे, हा तरी राहू दे. मेलाहतनं ते अंगावरच घेतलं. मक्याची भाकरी चावून चावून त्याला भरवली. शेजारणीची धुणी धुतली आणि तिच्या शेळीचं दूध त्याला पाजलं. कुणी त्याच्यावर हात टाकला की मारणाऱ्याच्या दारात जाऊन बाह्या सरसावून उभी राहायची, मग समोर पोरगं असो की पोराचा बाप.

लग्न करून इझमीतला आली तेव्हा त्याला बरोबर आणणार होती. दुर्सूनच नको म्हणाला. मिसरूड फुटलं आणि तो खाणीत लागला. पिंजऱ्यात दाटीवाटीनं उभं राहायचं, दार लागतं, आणि एका दोराला लटकत खाली काळोखात. मेलाहतला सकाळी चहा ओतताना तो पिंजरा डोळ्यांपुढे यायचा. रोज यायचा. कुणाला बोलली नाही. बोलून काय होणार होतं?

तहसीन तिचा नवरा. सक्तीची शिपाईगिरी करायला तिकडे आला होता, तिथेच जमलं. इझमीतच्या कारखान्यात तो तार ओढायचा, आणि त्याच्यासारखी कुणी ओढत नव्हतं. जाड सळई तापवून वितळलेल्या शिशाच्या हौदातून काढायची, निवली की साबणाच्या भुकटीत घोळवून साच्याच्या, म्हणजे डायच्या, भोकातून ओढायची. पुढची डाय आणखी बारीक, त्यापुढची आणखी. तहसीन नुसत्या आवाजावरून सांगायचा डाय झिजलीय की साबण संपलाय. माणूस भला. रागीट, पण भला. घरी आल्यावर हात धुवायच्या आधी बायकोला विचारायचा, "आज माझी किती फाडलीस?"

"एकही नाही."

"मग तुझं टेबल बिघडलंय," म्हणायचा आणि हसायचा.

त्याचं मोठं नाव झालं ते माळ्यामुळे. इझमीतला खाडीची हवा. सकाळी आरशासारखी लखलखीत तार काढून ठेवावी तर दुसऱ्या दिवशी तिच्यावर गोवर उठल्यासारखा गंज. तहसीननं शिशाच्या हौदावरच्या धुराड्याला लागून लोखंडी पट्ट्यांचा माळा बांधला. तयार भेंडोळी त्यावर रचायची, खालून चोवीस तास कोरडी ऊब. गंज गायब. आणि गंमत अशी की माळ्यावरून उतरवलेली तार वजनाच्या मशीनवर आधीपेक्षा जास्त वजन घ्यायची. कुंपणाची तार, पलंगाच्या स्प्रिंगांची तार, गवताच्या गासड्या बांधायची तार, सगळी माळ्यावर चढू लागली. मॅनेजर पाहुण्यांना शिडीखाली उभं करून दाखवायचा, हा आमच्या तहसीनचा माळा. नवीन पोरं त्या शिडीला हात लावून कामाला लागायची, शुभ म्हणून. मेलाहतला अभिमान होता. का नसावा?

मग कोझ्लूच्या खाणीचं काम आलं. माणसं खालीवर नेणारा पिंजऱ्याचा दोर. तोवर तसले दोर परदेशातूनच यायचे, आपल्याकडे कुणी करत नव्हतं. त्यासाठी तार पूर्वीपेक्षा फार बारीक ओढायची, जास्त डायांतून, मध्ये कुठे तापवून मऊ न करता. तरच तेवढी ताकद येणार. ते बसवायला नेजदेत बेय नावाचा इंजिनिअर आला. तरणा, चष्मा नाकावरून घसरणारा, बायकांशीही 'हानम', म्हणजे बाईसाहेब, लावून बोलणारा.

त्यानं मेलाहतला मायक्रोस्कोपखाली पोलाद दाखवलं. तिला पाहायचंच होतं, तिनं मागेच लागून पाहिलं.

"पट्टे दिसतात?"

"दिसतात. झेब्र्यासारखे."

"एक पट्टा लोखंडाचा, मऊ. एक लोखंड आणि कर्बाचा, काचेसारखा कडक. एकावर एक थर. ही नुसती सळई आहे. आता ही बघा, थोडी ओढलेली."

मेलाहतनं डोळा लावला. मघाचे वेडेवाकडे पट्टे सगळे तारेच्या लांबीत सरळ झाले होते, फणीनं विंचरून बसवल्यासारखे.

"आणि ही खाणीच्या दोराची."

"काहीच दिसत नाही की. नुसतं राखाडी."

"थर आहेत. इतके पातळ झालेत की या यंत्राला दिसत नाहीत. जितके पातळ तितकी तार ताकदवान." त्यानं चष्मा वर ढकलला. "कडक थरसुद्धा ताणून पातळ होतो, न मोडता. मेलाहत हानम, काच कधी ताणलेली पाहिलीय? इथे ताणली जाते."

त्या दिवशी ती घरी येऊन तहसीनला म्हणाली, "तुझ्या तारेत केस विंचरलेले असतात." तहसीन म्हणाला, "माझे तर उरले नाहीत, तारेत तरी असू देत."

दुर्सून बैरामच्या सणाला आला तेव्हा दोराचं काम अर्ध्यावर होतं. त्याला कळलं हा दोर त्याच्याच खाणीच्या विहिरीवर चढणार, तर त्यानं तहसीनचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले.

"एनिश्ते, तुझ्या हातचा दोर आणि आब्लानं पिळून पास केलेला! मी आता पिंजऱ्यात उभ्या उभ्या झोपणार."

एनिश्ते म्हणजे बहिणीचा नवरा. तहसीन खूष. म्हणाला, "झोप. घोरलास तरी दोर हलणार नाही."

मेलाहत मासे तळत होती, हाम्सी. तिनं एक मासा जास्त त्याच्या ताटात टाकला.

दोर पूर्ण झाला. अख्ख्या दोराचा तुकडा ओढून पाहिला, मागितल्यापेक्षा जास्त वजन घेतलं. लाकडी रिळावर गुंडाळून कारखान्याच्या अंगणात ठेवला. ट्रक येईपर्यंत आठवडा होता. त्यातल्या सुट्टीच्या दिवशी तहसीन घराच्या अंगणात द्राक्षाच्या वेलाला मांडव घालत होता. खाणीच्या तारेची उरलेली टोकं माळ्यावरून आणली होती, चांगली तार कोण फेकतं? मेलाहत पक्कड घेऊन खांबाला तारेचा फास पिळत होती. नेहमीचंच काम. दोनतीन वेढे दिले आणि पकडीत काहीतरी सैल झालं. पाहिलं तर तार तुटली नव्हती. उभी फाटली होती. चीर वळसे घेत पार बोटाएवढी वर गेलेली.

"तहसीन, ही बघ."

त्यानं मांडवावरूनच पाहिलं. "टोक आहे ते. टोकं खराबच असतात. दुसरी घे."

दुसरी घेतली. तीही फाटली. तिसरी नाही फाटली. तहसीन म्हणाला, "झालं समाधान?" मेलाहत हो म्हणाली. पण ते दोन तुकडे तिनं ॲप्रनच्या खिशात टाकले.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर भिंतीवर बसून खात होते तेव्हा ती कात्री घेऊन माळ्यावर चढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वर डोळे चुरचुरत होते, पट्ट्यांना हात लावला तर हात मागे घ्यावा लागला. खाणीच्या तारेची शिल्लक भेंडोळी तिथेच होती. धुराड्याला चिकटलेल्यांची टोकं कापली, कडेच्यांची कापली. खाली येऊन त्या सकाळीच ओढलेल्या, तेवढ्याच बारीक तारेचंही एक टोक घेतलं.

सकाळची तार साफ तुटली. कडेची, काही बरी, काही नाही. धुराड्याजवळची प्रत्येक तार उभी फाटली.

तिनं मूठ सोडली. तिच्या लक्षात आलं, की तिच्याकडे टोक येतं ते तार ओढून झाल्या झाल्या. ती पास करते. मग तार माळ्यावर जाते आणि दिवसच्या दिवस शेकत पडते. आणि त्यानंतर तिला कुणी पिळतच नाही. वजन लावून ओढतात फक्त. आणि ओढल्यावर तर ती आणखीच भारी वाटते.

नेजदेत बेयनं तुकडे बघितले आणि खुर्चीवर बसला.

"कुंपणाच्या तारेला काही होत नव्हतं," मेलाहत म्हणाली. "इतकी वर्षं."

"ती इतकी ओढलेली नसायची. हिच्यात थर एवढे पातळ आहेत की कडक थराला धड उभं राहायला जागा नाही. जरा ऊब मिळाली की त्यातला कर्ब सुटतो आणि लोखंडात शिरतो, फटीफटीत अडकतो. मग लोखंडाला हलता येत नाही. ओढलं तर ताकद वाढल्यासारखी दिसते. पिळलं तर..." त्यानं तुकडा टेबलावर ठेवला. "मी विचारायला हवं होतं कुठे ठेवता. मला वाटलं गोदामात ठेवत असतील."

"पिंजऱ्याचा दोर चाकावरून वाकतो. पीळही खातो," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे?"

"आज तुटेल असं नाही. कधी तुटेल ते सांगता येणार नाही, असं."

तो तसाच उठून मॅनेजरकडे गेला. परत आला तेव्हा कान लाल झाले होते. मॅनेजर हसला होता म्हणे. दोर मागितल्यापेक्षा जास्त वजन घेतोय, शिक्के बसलेत, आणि तुम्ही म्हणता पोचट आहे? कुणी सांगितलं, त्या पिळणाऱ्या बाईनं? मग जरा गंभीर होऊन म्हणाला होता, की तहसीन उस्ता स्वतः तोंडानं म्हणाला दोर वाईट आहे, तर थांबवतो. दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही.

म्हणजे सगळं येऊन ठेपलं एका माणसावर. आणि तो तिच्या घरात राहत होता.

संध्याकाळी चहा झाल्यावर मेलाहतनं सांगितलं. एकदम नाही. आधी समोर पिश्मानियेचा डबा ठेवला. ती आपल्या इझमीतची मिठाई, भाजलेल्या पिठात साखरेचं कडं ओढत ओढत, दुमडत दुमडत केसांसारखे धागे करतात ती.

"ही चुलीजवळ राहिली तर काय होतं?"

"गोळा होतो. का?"

"साखरेच्या खड्याला चुलीजवळ काही होत नाही. त्याचीच साखर, ओढून केसाएवढी केली की जराशी ऊब सोसत नाही."

तहसीन हुशार माणूस. त्याचा हात डब्यात थांबला. "तू माझ्या माळ्याबद्दल बोलतेयस."

तिनं खिशातले तुकडे काढून ठेवले. त्यानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"त्या चष्मेवाल्या पोरानं शिकवलं?"

"मी पिळलं. मी पाहिलं. मी त्याला दाखवलं."

"आधी त्याला?"

"आधी तुला. मांडवाखाली. तू म्हणालास टोक आहे."

"मेलाहत, तो माळा नव्हता तेव्हा या कारखान्याची निम्मी तार गंजून जात होती. माझ्या आवाजावर तिथे मशीन थांबतं. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय. आणि आता तू म्हणतेस मी माझ्या हातानं..." त्यानं डबा पलीकडे सारला. "ओढून बघा म्हणावं. ताकद वाढते. सगळ्यांनी पाहिलंय."

"ओढल्यावर वाढते."

"मग?"

"दुर्सून त्याच्यावर उतरणार आहे, तहसीन."

"मला माहीत नाही?" तो ओरडला. "मला माहीत नाही म्हणून सांगतेस? माझा मेव्हणा आहे तो! मी त्याच्या गळ्याला खराब तार लावीन?"

"मुद्दाम नाही लावणार."

तो उठला, कोट घेतला, कहव्याच्या दुकानात गेला. आला तेव्हा बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बोलला नाही. तिसऱ्याही. मेलाहत डबा भरून द्यायची, तो न्यायचा. तिनं परत विषय काढला नाही. पुष्कळ जणी रडल्या असत्या, माहेरी जाते म्हणाल्या असत्या. तिला माहेर म्हणजे दुर्सूनच होता, आणि त्याला काय सांगणार होती? कामावर जाऊ नको? तो न उतरला तर दुसरा कुणी उतरणार. कोझ्लूत प्रत्येकाला एक बहीण आहे.

ट्रक आला त्या सकाळी अंगणात जत्रा होती. मेंढा कापला, रिळाच्या लाकडावर रक्ताचं बोट लावलं, इमामानं दुआ म्हटली. मॅनेजर दोन शब्द बोलला आणि त्यातला एक तहसीन उस्तावर होता. टाळ्या झाल्या. तहसीन इस्त्रीचा शर्ट घालून उभा, मान ताठ, मेलाहतकडे न बघता. हायदर नावाचा रिझेकडचा ड्रायव्हर, पोट सुटलेला, मोठ्या गळ्याचा, वर चढून बसला.

"पाणी कोण टाकणार?" त्यानं विचारलं. "पाण्याशिवाय मी हलत नाही, आधीच सांगतो. आईची शपथ आहे."

जाणाऱ्याच्या मागे पाणी ओततात. पाण्यासारखा सुखरूप जा, पाण्यासारखा परत ये. मॅनेजर म्हणाला, "मेलाहत हानम टाकतील. कोझ्लूची लेक, उस्ताची बायको. त्यांच्याइतका हक्क कुणाचा?" कुणीतरी तांब्याचा जग तिच्या हातात दिला. भरलेला, जड.

ट्रक गुरगुरला. फाटकापर्यंत गेला. सगळे तिच्याकडे बघत होते. मेलाहतनं जग दोन्ही हातांनी धरला होता. पण ती ओतेना.

ट्रक फाटकात थांबला. हायदरनं मुंडकं बाहेर काढलं.

"आब्ला, पाणी?"

"नाही टाकत."

"अगं टाक की! जग जड झाला का?"

"पाणी टाकायचं ते परत यावं म्हणून," मेलाहत म्हणाली. तिचा आवाज काही मोठा नव्हता, पण अंगण गप्प होतं. "या दोरावरनं खाली जाणारे परत वर येतील असं मला म्हणता येत नाही. तर मी टाकणार नाही."

तिनं जग खाली ठेवला, फरशीवर, न सांडता.

हायदरनं इंजिन चालूच ठेवलं, पण हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर घेतले. मॅनेजर लाल झाला. "तहसीन उस्ता, बायकोला आवर जरा! लोक बघतायत."

तहसीन चालत आला. सगळ्यांना वाटलं आता मारतो. तिच्या अगदी समोर उभा राहिला आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "घरात बोलायचं असतं हे."

"घरात बोलले."

"माझी अब्रू काढलीस."

"काढली," ती म्हणाली. "तू रागाव. आयुष्यभर रागाव. पण एकदा माझ्या टेबलाशी बस. तू कधी बसला नाहीस."

तहसीननं ट्रककडे पाहिलं. मग वळला, हत्यारांच्या खोलीतून मोठी कात्री घेतली, ट्रकवर चढला आणि रिळातून बाहेर आलेलं दोराचं टोक कापलं. हायदर ओरडला, "अहो उस्ता, माल!" तहसीननं ऐकलं नाही. तिथेच उभ्या उभ्या दोराचे पेड उलगडले, तारा सुट्या केल्या आणि त्या मुठीत धरून आत गेला. मेलाहत त्याच्या मागे.

नेजदेत बेय मूठ फिरवायला पुढे झाला. तहसीन म्हणाला, "तीच फिरवेल."

पहिली तार. मेलाहतनं जबडे आवळले. फिरवत गेली. तार पीळ खात गेली आणि एक कोरडा आवाज आला. उभी फाटली.

तहसीन म्हणाला, "अजून एक."

दुसरी साफ तुटली, आडवी. त्याचा चेहरा एकदम तरणा झाला. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिला त्या वेळी काहीतरी बोलायला हवं होतं, निदान हसायला. तिनं तिसरी तार लावली.

ती फाटली. चौथी फाटली. तहसीननं चौथीचा तुकडा घेतला आणि चिरेवरून अंगठा फिरवला. अंगठा कापला. रक्त तारेवरून वळसे घेत खाली उतरलं, बरोब्बर त्या चिरेच्या वाटेनं. तो बघत राहिला.

मग बाहेर गेला.

"हायदर, इंजिन बंद कर."

"उस्ता, मला आज बोलू गावाला पोचायचंय..."

"बंद कर म्हणतो." मग मॅनेजरला म्हणाला, "दोर माझा आहे. वाईट आहे. जाणार नाही."

मॅनेजर पुष्कळ बोलला. शिक्के, खाणीची वाट, कारखान्याचं नाव, मेंढा. तहसीननं सगळं ऐकून घेतलं, मान खाली घालून नाही, नुसतं ऐकून, आणि शेवटी म्हणाला, "तुम्ही म्हणाला होतात माझ्या तोंडून ऐकायचंय. ऐकलंत."

पुढे लोकांनी तोंडं सोडली. मेलाहतनं नवऱ्याला भर अंगणात नागवा केला म्हणाले. बायको नव्हे, करवत आहे म्हणाले. निरोपाचा समारंभ झाला नाही, तहसीन एका दुपारी आपले हातमोजे घेऊन घरी आला. बोलणाऱ्यांतला एकही जण कधी दोराला लटकून जमिनीखाली गेलेला नव्हता, हे लक्षात असलेलं बरं. दुर्सूनला यातलं काही कळलं नाही. परदेशी दोरच पुढची दोन वर्षं चालला, आणि नंतर इझमीतचा नवा दोर चढला, गार गोदामात ठेवलेल्या तारेचा. त्याला वाटायचं सरकारी कामं अशीच रेंगाळतात.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मॅनेजर निघून गेला, लोक पांगले, मेंढ्याचं मटण कुणी शिजवायला घेतलं नाही. तहसीन माळ्यावर चढला. शर्टाची इस्त्री मोडली, बाह्या काळ्या झाल्या. एकेक भेंडोळं खांद्यावर घेऊन शिडीनं उतरायला लागला. नेजदेत बेय मदतीला गेला तर त्याला हातानं बाजूला केलं. उतरवलेल्या भेंडोळ्याचं टोक तो स्वतः कापायचा, टेबलाशी आणायचा, जबड्यात धरायचा आणि मेलाहत मूठ फिरवायची.

"ही?"

"फाटली."

त्यानं ते भेंडोळं डाव्या हाताला टाकलं. पुढचं आणलं.

"ही?"

"चांगली."

उजव्या हाताला. असं चाललं. डाव्या हाताचा ढीग वाढत गेला. एकदा एक तार अशी तुटली की सांगणं कठीण. बहुतेक आडवी, आणि काठाला जरासं, नखाएवढं, उभं. कुणीही चांगली म्हटलं असतं. ते भेंडोळं तहसीननं स्वतः ओढलेलं होतं, भेंडोळ्यावरची त्याची गाठ तिला ओळखता येत होती. तिनं तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. तहसीन तिच्या तोंडाकडे बघत होता, अंगठ्याला चिंधी बांधलेली, कपाळावर शिशाची काजळी.

"सांग," तो म्हणाला.

"फाटली."

त्यानं भेंडोळं उचललं, डावीकडे टाकलं. शिडीकडे जाता जाता थांबला. पाठमोराच म्हणाला, "खुर्ची नाही का इथे दुसरी? अजून पुष्कळ आहेत."

मेलाहतनं पायानं स्टूल पुढे सरकवलं.